संत्र्याच्या झाडाला कुलूप

फ्लोरिडातल्या त्या गल्लीत पाळीव, रंग बदलणाऱ्या घोयरा सरड्यांसाठी अख्ख्या झाडाभोवती जाळीचं घर बांधावं तर व्हर्लननंच. बाहेरून मांजर शिरू नये, आतून सरडा निसटू नये, अशी त्याची घट्ट चौकट. स्वतःच्या अंगणातल्या संत्र्याला मात्र त्यानं आत्ता कुठे जाळी घातली, आणि वर दाराला कुलूपही लावलं.

"सरडा काय कडी काढून पळणार आहे?" बायको, नेडीन, म्हणाली.

"सरडा नाही, लेलंड," तो गुरगुरला. दोन वर्षांपूर्वी त्याचा लाडका सरडा, बिस्किट, गायब झाला. शेजारच्या लेलंडनंच तो ढापला, असं हा गल्लीभर सांगत फिरला होता. तेव्हापासून दोघांत अबोला.

नवा सरडा झाडावर सोडला, तसा तो फुगला, काळाठिक्कर पडला आणि वर बघून फुसफुसू लागला. दुसरा नर दिसल्याशिवाय तो असा पेटत नाही, हे व्हर्लनला पक्कं ठाऊक. त्यानं मान वर केली आणि हातातला हातोडा निसटला. शेंड्याजवळ, पानांआड, बिस्किट बसला होता. तीच अर्धी तुटलेली शेपटी.

पंधरा दिवस व्हर्लन त्याच्याच खाली खिळे ठोकत होता.

"लेलंडला बोलाव," नेडीन म्हणाली. "आता तोंड लपवू नकोस."

लेलंड आला. झाडाकडे त्यानं पाहिलंच नाही. दारावरचं कुलूप हातात धरून तो म्हणाला, "हे माझ्यासाठी होतं ना?"