दणक्याचा कॅन

माझा धाकटा दीर कत्तलखान्यात जनावरं पाडायचा. आधी ठोसा आणि मग विचारपूस, म्हणून अख्खी गल्ली त्याला दणका म्हणायची. त्याचे पाय सुजले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मोठा कॅन दिला. दिवसरात्रीची सगळी लघवी त्यात साठवायची. तिच्यातून किती प्रोटीन जातंय त्यावरून किडन्या किती झपाट्याने जाणार ते कळणार होतं आणि औषधही ठरणार होतं.

भरत आलेला कॅन त्याने लाथेने उडवला. त्याची बायको, माझी जाऊ, पुसायला वाकली, तर तिला असं ढकललं की तिचं कपाळ भिंतीवर फुटलं.

मी त्याची कॉलर धरली. "एवढी जनावरं पाडलीस आणि डब्याला घाबरतोस, मेल्या?"

"वहिनी, जनावराला कधी मरणार ते आधी कुणी सांगत नाही."

जावेने रक्त पुसलं आणि रिकामा कॅन त्याच्या डोक्यात हाणला. "ऐकवत नसेल तर मी ऐकते. तुम्ही फक्त भरा!"

त्याने पुन्हा भरला. दवाखान्याच्या रांगेत एकाचा धक्का लागला, तेव्हा त्याने एका हाताने कॅन पोटाशी धरून दुसऱ्याने त्या माणसाचं नाक फोडलं.

प्रोटीन भरपूर निघालं. औषध लगेच सुरू झालं आणि त्यावर दणका बरीच वर्षं जगला, भांडला.