गोल डब्याचे चार कोपरे

पोलिसातल्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. तरी कोणी एखादी केस सांगा म्हटलं, की माझ्या मनात आधी टोकियोतली ती केस येते. तिचा गुन्हा कुठल्याच ठाण्यात दाखल झाला नाही. तपास अधिकारी म्हणजे मी, निवृत्त, त्यात तिथल्या भाषेपुढे मुका.

मुलगी आणि जावई कोतो भागात राहतात. आम्ही नवराबायको तीन महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलो होतो. सोसायटी जुनी, पाच मजली. बांधली तेव्हा तरुण जोडपी राहायला आली. त्यांची मुलं मोठी होऊन निघून गेली आणि आईबाप तिथेच म्हातारे झाले. रिकाम्या झालेल्या घरांत आता आपले आयटीवाले आहेत. रोज सकाळी साडेसहाला खालच्या मैदानात रेडिओच्या तालावर कवायत चाले. सत्तरी-ऐंशीची माणसं ओळीने हात फिरवायची. एवढी शिस्त माझ्या रोल कॉललाही कधी नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मीही त्यांच्यात उभा राहू लागलो.

तिथलं रहिवासी मंडळ दरवर्षी घरोघरी फॉर्म भरून घेतं. वय किती, एकटे राहता का, दिवस कसा घालवता. भूकंप झाला तर आधी कोणाच्या दाराशी धावायचं, ते त्यावरून ठरतं. फॉर्म गोळा करायची पाळी त्या वर्षी माझ्या मुलीची होती. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरांचे फॉर्म तिने पाकिटात बंद केले, पाकीट मंडळाच्या पुठ्ठ्याला चिमट्याने लावलं आणि पुठ्ठा चपलांच्या कपाटावर ठेवला. शेजारच्या आजींचा फॉर्म तेवढा यायचा होता. मंगळवारी ती ऑफिसातून आली, तर पुठ्ठा गायब.

तिने मला बाल्कनीत नेलं. "बाबा, आईला सांगू नका, तिचं बीपी वाढेल. शनिवारी मीटिंग आहे. सगळ्यांसमोर उभं राहून माफी मागावी लागेल मला. हे लोक ओरडत नाहीत हो, त्याचंच जास्त टेन्शन येतं. यानंतर आपल्यावर कोणी ट्रस्ट नाही करणार."

माझी भीती आणखी वेगळी होती. फोनवर नातू असल्याचं भासवून म्हाताऱ्यांना गंडवणारी टोळकी तिथेही आहेत. कोण एकटं राहतं याची यादी म्हणजे त्यांना आयतं सावज.

मी कामाला लागलो. कपाट पाहिलं, घरांपुढची सामाईक गॅलरी पाहिली. कुलूप शाबूत. पार्सलवाला त्या दिवशी वर आलेलाच नव्हता. जावयाचाही जबाब घेतला. तो बिचारा सकाळी सातला कावासाकी शहराकडे जाणारी लोकल पकडतो, त्याला कपाटावर काय असतं हेही माहीत नव्हतं.

खबर मिळाली ती कवायतीच्या मैदानात. समोरच्या इमारतीत रेल्वेतले एक निवृत्त सिग्नलमन राहतात. जन्मभर रुळांवर नजर ठेवली, आता आमच्या गॅलरीवर ठेवतात. मुलीने विचारताच ते म्हणाले, "मंगळवारी अकरा वाजता तिसऱ्या मजल्यावर एकच व्यक्ती दिसली. हातात जांभळं गाठोडं होतं. तुमच्या आई."

मी हसलो आणि खबर बाजूला ठेवली. गाठोड्याची गोष्ट मला माहीत होती. आजींनी आम्हाला जांभळ्या कापडात बांधून संत्री दिली होती. कापड रिकामं कसं परत करायचं, म्हणून माझ्या बायकोने बेसनाच्या लाडवांचा डबा त्यात बांधून आजींच्या दाराच्या मुठीला अडकवला होता. त्यात संशय घेण्यासारखं काय? शिवाय घरात केसबद्दल बोलायचं नाही, हा माझा नोकरीभरचा नियम.

शुक्रवारी आजींनी आम्हाला चहाला बोलावलं. त्यांच्या दिवंगत यजमानांची ती तिथ होती, दर महिन्याला त्या पाळतात. प्रश्न मी मुलीला आधीच पढवून ठेवले होते. ती जपानीत विचारत होती आणि आईला कळू नये म्हणून उत्तरं माझ्या कानात सांगत होती. अनोळखी माणूस दिसला का? नाही. पुठ्ठा तुमच्याकडे आला का? नाही, मी वाटच पाहते आहे. खोटं बोलणारा गरजेपेक्षा जास्त बोलतो. आजी मोजकं बोलल्या आणि सरळ नजरेने बोलल्या. आता कुठे शोधायचं, ते मला सुचेना.

कोपऱ्यात लाकडी देव्हारा होता, आत यजमानांचा फोटो. समोर ते जांभळं गाठोडं, गाठसुद्धा न सोडलेलं. घरात आलेली भेट आधी गेलेल्या माणसापुढे ठेवायची, अशी तिथली रीत. आपला नैवेद्यच तो. त्यांच्या दिवसापर्यंत आजींनी हात लावला नव्हता. मी नमस्काराला वाकलो आणि तसाच थांबलो. लाडवांचा डबा गोल होता. गाठोड्याला खालून चार कोपरे होते.

"डब्याखाली काय घातलंस गं?" मी बायकोला विचारलं.

"डबा कलंडत होता, म्हणून कपाटावरचा तो पुठ्ठा घातला. का हो?"

मुलीने कपाळावर हात मारून घेतला.

"मला कोणी विचारलं का?" बायको म्हणाली. "तीन दिवस बापलेक बाल्कनीत कुजबुजताय. मला वाटलं, माझी साठी करायचं चाललंय."

मला मनापासून लाज वाटली. खबर चोख होती. संशयित माझ्याच घरातली, म्हणून मी ती नोंदवलीच नाही. नोकरीत हाताखालच्या माणसाने असं केलं असतं तर त्याला मेमो दिला असता.

पण नैवेद्याची गाठ सोडा, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? मुलीने चाचरत सगळा प्रकार सांगितला. आजींनी तो शांतपणे ऐकला, देव्हाऱ्यातली छोटी घंटा वाजवली आणि फोटोकडे पाहून काही बोलल्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, तीन दिवस यादी सांभाळलीत, आभारी आहे. लाडू मात्र आता आम्ही खातो."

गाठ सुटली. पाकीट जसंच्या तसं बंद होतं. मुलगी कमरेत वाकून पुन्हा पुन्हा माफी मागू लागली. आजींनी तिला हाताने थांबवलं, पुठ्ठ्यावरचा आपला कोरा फॉर्म ओढून घेतला आणि लिहायला बसल्या. मुलगी मला कानात वाचून दाखवत होती. वय चौऱ्याऐंशी. एकटी. सकाळी कवायत, मग कुंड्यांना पाणी, दुपारी झोप. शेवटचा प्रश्न होता, अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं? आजींनी माझ्या मुलीच्या घराचा नंबर लिहिला.

तो मुलीला नीट वाचून दाखवता येईना. तिचे डोळे भरून आले होते. माझेही.

तपासात आपण आपल्या माणसाला न विचारताच सोडून देतो, हे मी त्या दिवशी शिकलो, तेही पेन्शन सुरू झाल्यावर. बाकी प्रकरणं मी बरीच निकाली काढली. पण अडचणीच्या वेळी आरोपीच्याच घरी निरोप द्या, असं साक्षीदाराने स्वतःच्या हाताने लिहून दिलेलं हे एकच.