दाजींच्या अकरा बाटल्या

एका दुखण्याला एकच औषध पुरतं, यावर आमच्या दाजींचा उभ्या जन्मात विश्वास बसला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. लातूरच्या एसटी स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते आणि चौकशीच्या खिडकीत बसून दिवसभर लोकांना गाड्या सांगायचे. सर्दी झाली की ते काढा घेत, वाफ घेत, छातीला निलगिरी चोळत आणि एवढं करून सरकारी दवाखान्यातली गोळीही घेत. सर्दी गेली की चौघांना सारखं श्रेय देत, जणू कुणाला वाईट वाटू नये. सायकलीला त्यांची दोन कुलपं असत. कुणी उमरीची गाडी विचारली, तर आधी नांदेडपर्यंतची, मग नांदेडहून उमरीची, ती चुकली तर रेल्वे, आणि रेल्वेही चुकली तर मुक्कामाला धर्मशाळा कुठली, इथपर्यंत ते सांगायचे. एकदा मुरुडच्या एका म्हाताऱ्याला त्यांनी मुरुडला जायचे तीन मार्ग सांगितले. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि हात जोडले. "मालक, मला एकदाच जायचंय."

मी तेव्हा डी.एड.साठी अक्काकडे राहत होते. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलत होत्या आणि दाजींना त्याचा असा अभिमान, की जिल्हा त्यांनीच केला असावा. "आता जिल्ह्याचं ठिकाण हाय आपलं," ते म्हणायचे. पण पाऊस काही जिल्हा बघून पडत नाही. ते सलग दुसरं कोरडं वर्ष होतं. गल्लीतला आड तळाला गेला होता. चार दिवसांनी टँकर यायचा आणि त्याचं पाणी कसलं असायचं ते न बघितलेलं बरं. त्याच पाण्यानं असेल, उन्हाळ्यात अक्काला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस ती अंथरुणावर होती. वाचली, एवढ्यावर आम्ही सगळे खूश होतो.

दोन महिन्यांनी तिचे केस जायला लागले. अक्काचे केस कमरेखाली यायचे. वेणी घालताना ती शेवटाकडचा भाग पुढं घेऊन मांडीवर ठेवायची. ते केस आता फणीबरोबर मूठमूठ येऊ लागले. कानांच्या वरची कातडी दिसायला लागली. अक्कानं आरसा भिंतीकडं फिरवून ठेवला. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं तर म्हणायची, "जा गं तू, मला कणकण वाटून राहिली." तिला कणकण नव्हती, हे मला कळत होतं आणि मला कळतंय हे तिलाही.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं अक्काचं डोकं नीट बघितलं आणि म्हणाली, "मोठ्या तापानंतर असं होतं. सहाएक महिन्यांत परत येतील. पोटभर जेवा, आठवड्यातून एकदा साधं धुवा, थोडं तेल लावा. बाकी काही करू नका." दाजी बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालूनच. "बाकी काही करू नका! एवढं शिकली ती काही करू नका म्हनायला?"

आणि मग दाजींनी सगळं केलं. स्टँडवरचा माणूस, चारी दिशांचे कंडक्टर त्यांच्या ओळखीचे. उमरीच्या बाजूनं माक्याचा पाला आला, उदगीरच्या एका हकिमाकडून काळं तेल आलं, हैदराबादहून गुलाबी शाम्पू आला, देगलूरहून एक चपटी बाटली आली. बघता बघता फडताळात अकरा बाटल्या उभ्या राहिल्या. देगलूरच्या बाटलीवरचं तेलुगू आम्हा कुणाला वाचता येत नव्हतं, पण वर गुडघ्यापर्यंत केस असलेल्या बाईचं चित्र होतं, म्हणून दाजींनी ते केसांचं ठरवलं. तीन आठवडे ते तेल अक्काच्या डोक्याला लागलं. मग देगलूरचा एक ड्रायव्हर चहाला आला आणि बाटली फिरवून बघत म्हणाला, "साहेब, हे गुडघ्याचं हाय." दाजींनी क्षणभर विचार केला. "असू दे," ते म्हणाले, "गरमी तर पोचत आसंलच."

कुणीतरी त्यांना अंडं सांगितलं. आमचं घर लिंगायताचं. घरात अंडं येणं म्हणजे छप्पर कोसळणं. दाजींनी ते रुमालात गुंडाळून, सदऱ्याच्या खिशात घालून, सायकलवरून आणलं. अक्कानं दारातच अडवलं. मग ते अंडं शेजारच्या चाचींकडं गेलं. चाचींनी ते हातात घेतलं आणि म्हणाल्या, "भाई, सर है उसका, खेत नहीं. रोज रोज कितना खाद डालते?" दाजी हसले, पण घरी येऊन त्यांनी एसटीच्या वेळापत्रकासारखा तक्ता केला: वार, औषध, लावण्याची वेळ, धुण्याची वेळ. तो भिंतीला लावला. अक्का त्या तक्त्याप्रमाणे रोज पाटावर बसायची. केस गळतच होते.

त्या तक्त्यात एकच गोष्ट दाजींनी धरली नव्हती. पाणी. एका गुरुवारी त्यांनी मेथी, आवळा, मेंदी, दही असा लगदा अक्काच्या डोक्यावर थापला. टँकर दुपारी येणार होता. दुपारी आला नाही, संध्याकाळी आला नाही. शुक्रवारी सकाळी लगद्याचं खापर झालं होतं आणि अक्काला मान वळवता येत नव्हती. घरात पिण्याची एक घागर उरली होती. दाजींनी तीच उचलली.

अक्कानं त्यांचा हात धरला. "ठेवा ती खाली."

"अगं, डोकं आवळून राहिलं आसंल तुझं."

"ठेवा म्हनते. ही कॉलेजातून आल्यावर काय पिणार?"

"मी आणतो ना स्टँडवरनं. पण हे आधी—"

"अहो," अक्का म्हणाली. तिचा आवाज वाढला नव्हता. "दोन महिने झाले, तुम्ही माझ्या डोक्याकडंच बघून राहिलात. तोंडाकडं एकदा तरी बघितलं का? घरात पाऊल टाकलं की नजर वर. लोक बघतात म्हणून मी बाहेर जाईना, आन् घरात तुम्ही."

दाजींनी घागर खाली ठेवली. मी वही उघडून बसले होते, ती मिटायचंही मला सुचलं नाही. मग ते तिच्यासमोर खाली बसून म्हणाले, "मला वाटलं, तुला त्याचंच दुःख हाय."

"हायच की," अक्का म्हणाली आणि रडायला लागली. तापात रडली नव्हती ती.

टँकर दहाच्या सुमाराला आला. दाजी त्या दिवशी कामावर गेले नाहीत. रांगेत उभे राहून त्यांनी स्वतः दोन घागरी आणल्या, पाणी कोमट केलं आणि बोटांनी एकेक खपली सोडवत अक्काचं डोकं धुतलं. मग फणी घेतली. आयुष्यात त्यांनी कुणाचे केस विंचरले नव्हते. शेंड्यापासून गुंता काढायचा सोडून त्यांनी वरूनच फणी ओढली. "खालून घ्या," अक्का म्हणाली. "खालून, हळू." अकरा बाटल्या पोत्यात भरून माळ्यावर गेल्या. तक्ता त्यांनी काढला, घडी घातली आणि ती घडीसुद्धा पोत्यातच टाकली. त्यानंतर आठवड्याला एक बादली पाणी, मूठभर शिकेकाई आणि घाण्यावरचं करडीचं तेल, एवढंच राहिलं. विंचरायला मात्र रोज सकाळी दाजीच बसत.

थंडीत अक्काच्या कपाळाच्या वर, भांगाच्या कडेनं बारीक लव दिसायला लागली, तान्ह्या लेकराच्या डोक्यावर असते तशी. चाचींनी बोटं मोडून दृष्ट काढली आणि जाहीर केलं, साध्यानंच आले. दाजींना ते कधीच मान्य झालं नाही. "अकरा औषधांची मेहनत मुरायला येळ लागला," ते म्हणायचे. "गुडघ्याचं धरून." अक्का म्हणायची, डॉक्टरीणबाई म्हणाली होती, येणारच होते. हा वाद त्यांनी पुढं तीसेक वर्षं चालवला. शाळेत मुली मला विचारायच्या, बाई, केसांना काय लावायचं? मी त्यांना साधंच सांगत आले. पण ठामपणानं सांगताना दरवेळी कुठंतरी चुकचुकायचं. ते पोतं भरताना दाजी एकेक बाटली सदऱ्याला पुसून आत ठेवत होते, ते मी बघितलं होतं.

अक्काला पुढं म्हातारपणी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं अडखळू लागलं. मी भेटायला गेले तेव्हा सकाळचं ऊन ओसरीवर आलं होतं. दाजींना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांना डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं. अक्का पाटावर आणि दाजी मागं स्टुलावर. पांढऱ्या, विरळ केसांची बोटाएवढी वेणी त्यांनी घातली, दोऱ्यानं बांधली, मग मान लांब करून पुढून बघितलं. भांग चांगलाच तिरका गेला होता.

"सरळ हाय का?" त्यांनी मला विचारलं.

मी काही म्हणायच्या आत अक्का म्हणाली, "हाय." आणि डावा हात मागं नेऊन त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.