मरोळमधलं सवयीचं स्पॅनिश

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. पाच-सहा माणसं आठवड्यातून दोनदा एकाच बाकावर बसली, की ते आपोआप साठतात, घरातल्या रिकाम्या बरण्यांसारखे. टाकवत तर नाहीतच!

आमचा बाक अंधेरीला, मरोळ गावठाणातल्या चर्चच्या हॉलमध्ये होता. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीतली गोष्ट. तिथले फादर मूळ स्पेनचे, पण तीस वर्षं मुंबईत मुरलेले. मराठी गावठाणातल्या लोकांकडून शिकलेले आणि आम्हाला स्पॅनिश फुकट शिकवायचे. त्यांचं लाडकं क्रियापद एकच : ‘आकोस्तुम्ब्रार’. सवय असणं, सवय होणं, दोन्ही त्यातच. “हे एक नीट आलं ना, तर तुम्ही कुठंपन राहू शकता,” असं ते म्हणायचे. आम्हाला महिनाभर दुसरं काही आलंच नाही.

*

पहिल्याच महिन्यात एकदा त्यांनी प्रत्येकाला स्वतःची एक सवय सांगायला लावली. आमच्यातले सावंत मालवणचे, जहाजावर नोकरी शोधत होते. त्यांनी ऐटीत स्पॅनिशमध्ये सांगितलं, “मला पहाटे पाचला उठायची सवय आहे.”

सावंतवहिनी नेमक्या त्यांची विसरलेली छत्री घेऊन दारात आल्या होत्या. फादरनी कौतुकाने त्यांना मराठीत सांगितलं, “तुमचे मिस्टर पाचला उठतात म्हणे!”

“कोण, हे? तोंडार पानी मारल्याशिवाय उठनत नाय!”

सावंतांनी वही मिटली. पुढच्या तासापासून ते छत्री विसरले नाहीत.

*

माझी फजिती याहून मोठी. मी एका एक्स्पोर्ट कंपनीत टायपिस्ट होते. आम्ही पितळी कड्या-कोयंडे स्पेनला पाठवायचो, आणि हमखास उशिरा. मी स्पॅनिश शिकतेय म्हटल्यावर साहेब खूश. “झकास! मग त्यांना त्यांच्याच भाषेत एक माफीचा टेलेक्स टाक ना!”

आता माफीचा धडा पुढे होता. पण साहेबांना नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. येत होतं तेवढ्यावर भागवलं आणि लिहिलं, “आम्हाला उशिराची सवय आहे. सगळ्यांना सवय होते.”

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, एका ओळीचं.

“आम्हाला झाली आहे.”

साहेबांनी विचारलं, “काय म्हणतायत?” मी म्हटलं, “समजून घेतलंय, सर.” ऑर्डरही वाढली, हे माझं नशीब.

*

फादर एकदा बऱ्याच वर्षांनी गावी गेले. दोन महिन्यांची रजा होती. आम्हीही निवांत झालो. पाचव्या आठवड्यात बघतो तर फादर हॉलमध्ये खडू घेऊन हजर!

“काय झालं, फादर?”

“काय नय रे. तिथं रस्त्यात कोन विचारतच नय, जेवलात का म्हनून.”

त्या दिवशी त्यांना पाच डबे आले. मला फार बरं वाटलं.

*

आता मेरी आंटी. वर्गात सगळ्यांत मोठी, साठीची, गावठाणातलीच. तिचा मुलगा पीटर जहाजावर होता. त्याने स्पेनच्या एलेनाशी लग्न केलं आणि ख्रिसमसला तिला पहिल्यांदाच घरी आणणार होता. “पोरीला इथं करमलं नय, तर पीटर तरी परत कशाला येल?” आंटीला हीच धास्ती. म्हणून ती दोन महिने एकच वाक्य घोटत होती : “तुला सवय होईल, पोरी.”

एलेना आली. आंटीने ते वाक्य डासांना लावलं, तासभर येणाऱ्या नळाला लावलं, सुक्या बोंबलाच्या वासाला लावलं. पण खरा त्रास वेगळाच होता. एलेना दुपारी जरा आडवी झाली, की कुणी ना कुणी नवी सून बघायला हजर! तिसऱ्या दिवशी ती रडली. पीटर म्हणाला, “मम्मी, आम्ही जुहूला हॉटेलात जातो. चारला टॅक्सी सांगितलीय.”

आंटीने फादरना निरोप धाडला, ताबडतोब या आणि पोरीला तुमच्या भाषेत समजवा. मी वर्गासाठी लवकर आले होते, तर फादरनी मलाही सोबत नेलं. दोन वाजता पोचलो. दारात आंटी खुर्ची टाकून बसलेली, हातात लाटणं.

“हलू बोला, फादर! पोरगी निजलीय.”

“अगं, तूच बोलावलंस ना समजवायला?”

“हो. चारला समजवा.”

आम्ही ओट्यावर बसलो. दोन शेजारणी आल्या, त्यांना लाटणं दाखवून परत पाठवलं. पीटर काही बोलायला गेला, त्यालाही दाखवलं. गल्लीत एवढी शांतता मी कधी पाहिली नव्हती.

चार वाजले. टॅक्सी येऊन उभी राहिली. आंटी कुणाकडे न बघता आत गेली आणि स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. एलेना डोळे चोळत बाहेर आली. फादरनी तिला स्पॅनिशमध्ये विचारलं, “निघालीस?”

तिने टॅक्सीकडे बघितलं आणि आंटीच्या खुर्चीत बसली.

“चार वाजता मी चहा घेते,” ती म्हणाली. “सवय आहे.”

तिला मरोळला येऊन तीन दिवस झाले होते!