बंबाच्या शेडमधली पेटी

पाटोद्यात आग लागली की लोक सोमेश्वरला बोलवत, आणि माणूस गेलं तरी सोमेश्वरलाच. पहिल्या कामाचा त्याला पगार होता. दुसरं काम गावातल्या मांजरा सेवा क्लबनं त्याच्या गळ्यात घातलं होतं.

क्लब तसा कामाचा होता. शाळेतल्या पोरांना दप्तरं, म्हाताऱ्यांना मोतीबिंदूचं शिबिर, उन्हाळ्यात बसस्टँडवर पाणपोई. भांड्यांचे व्यापारी राधाकिशन शेठ अध्यक्ष झाले त्या वर्षी त्यांनी शवपेटी आणली. काचेच्या झाकणाची, विजेवर थंड होणारी, आत माणूस निजवून ठेवण्याजोगी. शेठनी विचार करूनच आणली होती. आसपासच्या खेड्यांतली कितीतरी घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. मागं म्हातारी माणसं राहतात. त्यातलं एखादं गेलं की लेक सांगलीकडं नाहीतर पार कर्नाटकात, उसाच्या फडात. तो येईपर्यंत मेलेलं माणूस थांबत नसे. पेटीमुळं थांबू लागलं.

पेटी ठेवायची कुठं, यावर क्लबच्या बैठकीत बराच खल झाला. दुकानदार आपापल्या गोदामात ठेवायला तयार नव्हते. शेवटी बंबाची शेड निघाली. तिथं जनरेटर होता आणि कुणी ना कुणी कायम हजर असायचं. ते कुणी म्हणजे बहुतेक सोमेश्वर.

त्यानं ते काम मनापासून केलं. टेम्पोत पेटी घालून तो वस्तीवर जाई, सपाट जागा बघून ठेवी, वायर जोडी, आणि दारात उभ्या असलेल्या माणसांना म्हणे, "लावली पेटी. काळजी करू नका. पोरगं येईस्तोवर काई होत न्हाई." हे वाक्य त्यानं इतक्या दारांत म्हटलं होतं की ते म्हणताना त्याला आता शब्द शोधावे लागत नव्हते. दुसऱ्या दिवशी धुळीनं माखलेला लेक धावत येई, काचेला तोंड लावून रडे, आणि सोमेश्वर बाजूला होऊन वायर गुंडाळू लागे.

गावानं मात्र त्याच्यापासून हळूच अंग चोरलं. न्हावी सकाळचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून त्याला बसवेना. बारशाला बोलावणं येई, पण बाळ कुणी त्याच्या हातात देत नसे. बंबाचा ड्रायव्हर बिभीषण त्याला चिडवायचा, "बे सोम्या, तू कुनाच्या दारात नुसता थांबू नको. लोक आतली मान्सं मोजू लागतेत."

"तू बी नीट वाग माझ्यासंगं. तुझं माप हाय माझ्याकडं," सोमेश्वर म्हणे.

घरी आई, नीलाबाई, तिचंही तोंड चालायचं. "आग इझवनारा म्हनून लोकानं पोरगी दिली, आन् ह्यो बर्फ वाटीत फिरतोय," ती सुनेला ऐकवायची. सून रुद्राणी तोंडाला पदर लावून हसायची. लेक रोहिणी लग्न होऊन सुरतेला गेलेली.

नीलाबाईचे गुडघे गेले होते. क्लबच्याच एका शिबिरात हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आजी, आता मांडी बंद. तेव्हापासून ती रोजची लिंगपूजा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून करायची. डाव्या तळहातावर इष्टलिंग, कपाळभर भस्म, आणि पाय खाली लोंबकळते. हे तिला खुपायचं. "देव हातात आन् पाय लोंबते. मी काय एस्टीची वाट बघून राहिले का?" पूजा झाल्यावर ती गुडघ्यांकडं रागानं बघायची.

त्यांच्या लिंगायत घरांत मेलेल्या माणसाला निजवून नेत नाहीत. अंग मऊ आहे तोवरच त्याला मांडी घालून भिंतीला टेकवून बसवतात, भस्म लावतात, तळहातावर लिंग ठेवतात. तसंच बसवून मिरवत नेतात आणि मातीतही बसवूनच ठेवतात. नीलाबाईनं मरणाकडून एवढंच मागून ठेवलं होतं. "सोमा, मी गेले की आदी माझी मांडी घाल. तवा काई दुखायचं न्हाई. पूजेला बसल्यावानी बसव मला." ती हे इतक्या सहज म्हणायची, की सोमेश्वरही तितक्याच सहज "बसवतो माय" म्हणायचा.

ती गेली तेव्हा तो मांजरसुंब्याच्या अलीकडं आगीवर होता.

उन्हाळा ऐन भरात होता. एका ढाब्यामागं कडब्याच्या गंजी पेटल्या होत्या, आणि वारा पलीकडच्या गोठ्याकडं वाहत होता. गोठ्यातली जनावरं सोडायला माणसं धावत होती. सोमेश्वरच्या हातात पाइप होता. कडबा वरून विझतो आणि पोटात जळत राहतो, म्हणून एकेक गंज फोडून पाणी मारावं लागत होतं. बिभीषणनं पळत येऊन फोन त्याच्या कानाला लावला. "वहिनी हायेत. घे."

"माय गेल्या," रुद्राणी म्हणाली. "च्या पिऊन भिंतीला टेकल्या, आन् तशाच गेल्या."

पाण्याची धार गंजीवरून ढळली, बिभीषणनं त्याचा हात धरून ती परत वर केली.

"रोहिणीताई निघाल्यात सुरतेहून. उद्या सकाळी पोचतेत. लई रडल्या फोनवर. म्हनल्या, मी येईस्तोवर मायला हलवू नका, मला तोंड बघू द्या. राधाकिशन शेठ आलेत, पेटी घेऊन येतो म्हनतेत. ऊन बी लई हाय. काय करू?"

"लाव पेटी," तो म्हणाला. "काळजी करू नको. रोही येईस्तोवर काई होत न्हाई."

"आवो, पन बसवायचं?"

"आल्यावर बसवू. मी येतोच."

फोन गेला. गोठ्याच्या छपराला धग लागली होती. तो तिकडं वळला. त्याला खरंच वाटलं होतं की घटकाभरात आग आटपेल. पण शेततळ्यावरून पाणी भरून आणायचं, पुन्हा मारायचं, पुन्हा आणायचं, यात दिवस कलला. जनावरं वाचली. ढाबेवाल्यानं पाण्याची बाटली पुढं केली, ती हातात घेताना सोमेश्वरला एकदम समजलं की फोनवर रुद्राणीशी मुलगा बोललाच नव्हता, पेटीवाला बोलला होता. बाटली न उघडताच परत देऊन तो बंबाकडं धावला.

"काय झालं बे?" बिभीषणनं विचारलं.

"चल. जल्दी चल."

तो घरी पोचला तेव्हा ओसरीवर क्लबची माणसं गुपचूप बसली होती. त्यांनी पेटी झेंडूनं सजवली होती. आपल्या माणसाच्या आईसाठी क्लबनं हात आखडता घेतला नव्हता. आत नीलाबाई पाय लांब करून, अगदी सरळ निजली होती. इतकी सरळ ती जिवंतपणी कधी निजली नव्हती. सोमेश्वरनं झाकण उघडलं, काजळीच्या हातानं गुडघ्याखाली धरलं आणि उचलून पाहिलं. पाय लाकडासारखा अख्खाच वर आला.

गल्लीत लिंगायतांची घरं मोजकीच, आणि विधी करणारे अमरनाथ स्वामी परगावी लग्नाला गेलेले. ते दिवस मावळता आले. त्यांनी पाहिलं आणि मान हलवली. "अंग धरलं, सोमेश्वर. वर थंडी बसली. आता जोर केला तर मोडंल."

"मग?"

"बहिणीला येऊ दे. पेटी तशीच राहू दे. आता काय घाई हाय?"

राधाकिशन शेठ दारातच उभे होते. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण सगळ्यांचे चेहरे त्यांना दिसत होते. "सोमेश्वर, आमचं काही चुकलं का रे?"

"न्हाई शेठ," तो म्हणाला. "पेटी चांगली हाय."

रोहिणी सकाळी आली. काचेला कपाळ टेकवून तिनं मनसोक्त आईचं तोंड पाहिलं, बोटांनी काचेवरूनच तिचे केस सारखे केले. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "दादा, माय निजलेली कावून हाय?"

त्यानं सांगितलं. आग, फोन, काय बोलला ते, सगळं. तू हलवू नको म्हणाली होतीस, एवढं मात्र त्यानं गाळलं. ती ऐकत राहिली.

"लोकायच्या घरी तू पेटी न्हेतोस, न्हे," ती म्हणाली. "पन मायनं तुला एकच सांगितलं होतं."

"व्हय."

मग त्याच्याकडं न बघता ती म्हणाली, "मीच म्हनले होते, हलवू नका." तुझं काही चुकलं नाही, अशी खोटी समजूत त्याला घालता आली असती, पण त्याच्याकडं तेवढंही उरलं नव्हतं.

त्यानं पेटीची वायर काढली. दोघा-तिघांनी धरून नीलाबाईला सतरंजीवर घेतलं. रुद्राणीनं चुलीवर पाणी तापवलं आणि सोमेश्वर गरम पाण्यात फडकी पिळून आईच्या गुडघ्यांवर ठेवू लागला. आयुष्यभर त्यानं पाण्यानं धग काढली होती. आता तो पाण्यानं ऊब आत घालत होता आणि ती जात नव्हती. फडकं निवे, तो पुन्हा पिळी. बाहेर लोक जमून कंटाळले, कुणी तंबाखू मळली. दुपार चढली तसा डावा पाय थोडा सैल झाला. स्वामींनी खांदे धरले, सोमेश्वरनं तो पाय हळूहळू दुमडला आणि जागेवर आणला. उजवा येईना. त्यानं पुन्हा जोर लावला, तसा रोहिणीनं त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे, दादा."

"एवढा एकच—"

"ऱ्हाऊ दे म्हनते ना. लई सोसलंय तिनं त्या पायाचं."

नीलाबाईला भिंतीला टेकवून बांधलं. भस्म लावलं, हातात लिंग दिलं. एक पाय मांडीत, एक समोर पसरलेला. रुद्राणीनं त्यावर नवं लुगडं पांघरलं. मिरवणूक बाजारातून निघाली तेव्हा दुकानदार उठून उभे राहिले, आणि लुगड्याखालचा तो सरळ पाय बघून कुणी एकमेकांकडं पाहिलं नाही.

समाधीचा खड्डा बसलेल्या माणसाच्या मापाचा, चौकोनी खणला होता. पाय त्यात मावणार नव्हता. खणणारी माणसं खाली उतरू लागली, तर सोमेश्वरनं त्यांच्या हातातली पहार घेतली आणि स्वतःच आत उतरला. मुरूम कठीण होता. पहार मारली की ठिणगी उडायची आणि मूठभर माती सुटायची. वर उन्हात नीलाबाईला बसवलेलं बांबूचं विमान धरून माणसं खांदे बदलत होती. बिभीषण म्हणाला, "सोम्या, दे इकडं, मी मारतो." त्यानं ऐकलं नाही.

थोड्या वेळानं रोहिणी पदर खोचून खड्ड्यात उतरली. बायकांनी वरून हाका मारल्या, तिनं लक्ष दिलं नाही. सुटलेला मुरूम ती घमेल्यात भरून वर देऊ लागली. जागा झाली असं वाटल्यावर सोमेश्वर थांबला, आणि ती गुडघ्यावर बसून हातानं माप घेऊ लागली.

"अजून वीतभर," ती म्हणाली. "टाच टेकंल तिची."

त्यानं पहार उचलली.