पहिली घागर

माझा नवरा विहिरीत अडकला होता आणि वर लोक नारळ फोडत होते.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आमचं गाव जाफराबादकडचं.

काल हे गेले, म्हणून सांगून राह्यले. नात फोनमध्ये टाइप करून राह्यली. तिला म्हणलं, माझं बोलणं बिलकुल सुधरू नको.

आमच्याच शेतात विहिरीचं काम चालू होतं. नुसता खडक, पाण्याचा पत्ता न्हाई. मंग ह्यांनी तळाला बाजूनं आडवं भुयार पाडायला घेतलं. हे आत पहार मारायचे, ह्यांच्या जोडीला कामावर असलेले धोंडिबाभाऊ बाहेर टोपल्यात मुरूम भरायचे.

त्या दिवशी दुपारी झरा लागला.

आमच्याकडची रीत अशी, की नव्या विहिरीचं पहिलं पाणी आसरांचं, पाण्यातल्या देव्यांचं. आधी घागर वर येणार, तिची पूजा होणार, मंगच माणसं वर.

दोर एकच. मामंजींनी त्याला घागर बांधून खाली सोडली, धोंडिबाभाऊंनी भरून दिली. सगळ्या बाया हळदकुंकू, नारळ घेऊन घागरीकडं पळाल्या.

तेवढ्यात खाली विहिरीची भिंत फुटली, पाणी उसळलं.

दोर परत खाली जाईस्तोवर पाणी धोंडिबाभाऊंच्या गळ्याला आल्तं. त्यांना वर ओढलं.

मी विचारलं, "हे कुठायत?"

धोंडिबाभाऊंनी खाली बोट दाखवलं.

भुयाराचं तोंड पाण्याखाली गेल्तं. आतून पहारीचा आवाज तेवढा येत होता. ठक. ठक. भुयार आत जरा चढतं होतं, तिथं थोडी हवा उरली असंल.

शेजारच्यांनी मोटा जुंपल्या. बैलगाडीत घालून डिझेल इंजिन आणलं, तर ते जल्दी चालू होईना.

मंग एकदाचं धडधडलं. आणि त्या आवाजात पहार ऐकू येणंच बंद झालं.

आता हे हायत का गेले, कसं कळावं? मी काठावर पालथी पडून खाली बघत राह्यले. लई भ्याले. तसं भेव परत कधी वाटलं न्हाई.

ज्या पाण्यासाठी कोसभर चालायचो, ते भेगाळल्या रानात वाहून चाललं होतं. एकीनंही त्यात हंडा बुडवला न्हाई.

दिवस कलला तसं भुयाराचं तोंड दिसलं. धोंडिबाभाऊ कमरेला दोर बांधून आत शिरले, पायाला धरून ह्यांना बाहेर ओढलं. अंग पांढरंफटक, दात वाजून राह्यले.

डोळे उघडले आणि मला काय विचारावं?

"पाणी गोड हाय का गं?"

असा राग आला मला. म्हणलं, "मला काय माहीत. ह्या विहिरीचा थेंब मी पिणार न्हाई."

न्हाईच पिले. घरात वेगळी घागर ठेवली. हे हसायचे, लई हट्टी बाई म्हणायचे. पण स्वतः मात्र झोपायच्या खोलीचं दार कधी लावू दिलं न्हाई, थंडीतसुद्धा. कशामुळं, ते मी कधी विचारलं न्हाई.

गावात त्यानंतर नवी विहीर लागली की आधी माणसं वर, मंग घागर.

काल ह्यांच्या शेवटच्या आंघोळीला पोरांनी त्याच विहिरीचं पाणी आणलं. घागरीत थोडं उरलं होतं. मी ओंजळभर पिले.

गोड हाय हो पाणी.

सावकाश जा. दार उघडंच ठेवलंय.