लीगमधलं मत

आमच्या गल्लीतल्या सायबर कॅफेत दूधसंस्थेतले एक गृहस्थ रोज संध्याकाळी अमेरिकन लोकांबरोबर बेसबॉलची लीग खेळत. ज्यानं त्यानं आपापला संघ सांभाळायचा; खेळाडू काल्पनिक, सामने कॉम्प्युटरच खेळायचा. खरी बॅट त्यांनी कधी पाहिलीही नव्हती. संस्थेच्या निवडणुकीत मात्र ते ‘तांबडा रस्सा वाढील त्याला मत’ असं चारचौघांत सांगत.

एकदा लीगमधल्या निवृत्त खेळाडूंतून सगळ्या संघवाल्यांनी मतं देऊन थोर खेळाडू निवडायचे होते. गृहस्थांनी आपल्या लाडक्या गोलंदाजाला वारलेल्या वडिलांचं नाव दिलं होतं. तो नेमका एका मतानं पडला.

मी हळहळून विचारलं, “तुमचं मत पोचलं नाही काय?”

“पोचलं की. मीच न्हाय म्हटलं,” डोळे पुसत ते म्हणाले. “खेळ कमी पडला, राव. खोटं मत कसं द्यायचं?”